सोंडेची झीज

माझा नवरा उल्हास नॉटिंगहॅमच्या सरकारी हॉस्पिटलात हाडांचा सर्जन होता, आणि मी त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. म्हणजे आयुष्यभर मी फोटो काढले आणि रिपोर्ट दुसऱ्यांनी लिहिले. त्यामुळे नीट बघायचं आणि मत मात्र द्यायचं नाही, ही सवय मला पक्की लागली. ती सवय नसती तर उल्हास आणि हरीशच्या भांडणात मी कधीच एक बाजू घेतली असती आणि आमच्या घरी एक माणूस येणं बंद झालं असतं.

हरीश पोतनीस बर्मिंगहॅमला राहतो. बँकेतून रिटायर झालेला. त्याची बायको रेखा माझी जवळची मैत्रीण, ती दोन हजार तीन साली गेली. मुलगी अक्षया तिकडच्याच एका शाळेत मॅथ्स शिकवते. मी सांगते ती गोष्ट दोन हजार सातची. तेव्हा उल्हास आणि हरीश दोघेही रिटायर होते, दोघांच्याही तब्येती ठणठणीत होत्या, आणि दोघांनाही जुन्या नाण्यांचा नाद होता. घरात बसलेल्या पुरुषाला एवढं साहित्य पुष्कळ झालं.

दोघांकडेही एकाच जातीचा एक रुपया होता. एकोणीसशे अकरा सालचा, पंचम जॉर्जचा. त्यावर राजाच्या गळ्यात एक साखळी आहे आणि साखळीत छातीवर एक इवलासा हत्ती. कोरणाऱ्यानं त्या हत्तीची सोंड इतकी आखूड ठेवली की रुपया बाजारात आल्यावर हिंदुस्थानातले लोक म्हणाले, हे तर डुक्कर! मोठी बोंब झाली. सरकारनं रुपये परत घेतले, वितळवले, आणि पुढच्या वर्षापासून हत्तीला व्यवस्थित सोंड दिली. जे थोडे सुटले, ते नाणेवाले लोक ‘डुकराचा रुपया’ म्हणून जिवापाड जपतात.

उल्हासनं त्याचा रुपया लंडनच्या एका लिलावात घेतला होता. हरीशचा रेखानं दिलेला. त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, नाशिकच्या एका सराफाकडून हुडकून आणलेला.

भांडण होतं ते हरीशच्या हत्तीच्या सोंडेवरून.

उल्हास म्हणायचा, “हरीश, तुझ्या सोंडेवर झीज आहे. हा रुपया वापरलेला आहे.”

हरीश म्हणायचा, “झीज नाही. ठसा कमजोर पडलाय. टाकसाळीतूनच तसा आलाय तो. एकदाही कुणाच्या खिशात गेलेला नाही.”

बाहेरच्या माणसाला यात फरक कळणार नाही, पण नाणेवाल्यांच्या जगात हा सोवळ्याओवळ्याइतका मोठा फरक आहे. झिजलेलं नाणं म्हणजे हातोहाती फिरलेलं. कमजोर ठशाचं नाणं म्हणजे जन्मतःच थोडं फिकं, पण कोरं.

“झीज तू मला शिकवू नकोस,” उल्हास म्हणायचा. “तीस वर्षं मी लोकांच्या गुडघ्यांची झीज बघतोय.”

“मग जन्मतः आखूड पाय असलेला पेशंट आला, तर पाय झिजला असं लिहायचास का तू?”

यावर उल्हास नुसता आवाज वाढवायचा.

एका रविवारी बर्मिंगहॅमच्या कॉइन फेअरमध्ये दोघांनी एका म्हाताऱ्या इंग्रज डीलरला मधे घेतलं. त्या बिचाऱ्यानं दोन्ही रुपये भिंगाखाली धरले आणि म्हणाला, “दोन्ही फारच सुंदर आहेत, सर.” एवढ्यावर हे सोडणार थोडेच. प्रत सांगा, प्रत सांगा म्हणून त्याच्या मागे लागले. इथे नाण्याची प्रत शब्दांत सांगायची जुनी पद्धत आहे: फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन अशी. शेवटी डीलर म्हणाला, उल्हासचं नाणं ‘निअरली एक्स्ट्रीमली फाइन’ आणि हरीशचं ‘अबाउट एक्स्ट्रीमली फाइन’. नंतर चहाच्या रांगेत, कारपार्कमध्ये आणि मग मी गाडी चालवत असताना फोनवर, दोघं एकाच गोष्टीवर भांडत होते. निअरली मोठं की अबाउट मोठं?

तोडगा काढला अक्षयानं. ती इथेच जन्मलेली, मराठी बोलते पण आपल्या पद्धतीनं.

“बाबा, काका, तुम्ही दोघं so childish आहे. Professional grading असतो ना. कंपनीला पाठव. ते marks देतो, आणि plastic मध्ये seal करतो. Finished.”

लंडनमध्ये तशी एक कंपनी होती. ती नाण्याला सत्तरपैकी मार्क द्यायची. सत्तरच का, शंभर का नाहीत, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. साठ किंवा त्याच्या वर म्हणजे कोरं. साठच्या खाली म्हणजे कुठेतरी झीज आहे. मार्क दिल्यावर ते नाणं जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत कायमचं बंद करतात. तिला म्हणतात स्लॅब.

उल्हासला स्लॅबचा तिटकारा होता. “नाणं हातात धरायचं असतं. ते काय लोणचं आहे बरणीत भरायला?” पण आपण जिंकणार याची त्याला इतकी खात्री होती की त्यानं पाकीट स्वतः पोस्टात नेलं.

महिनाभरानं स्लॅब आले. उल्हासला एकसष्ट. हरीशला बासष्ट.

हरीशचा फोन लगेच आला. “वहिनी, उल्हास कसा आहे? नाही, मी फक्त विचारायला केला. अशा वेळी माणसानं एकटं राहू नये.”

उल्हास फोनवर आला नाही. तो गॅरेजमध्ये जाऊन बसला. थोड्या वेळानं तिकडून करवतीचा आवाज यायला लागला. मी गेले तर यानं स्लॅब शिकंज्यात आवळला होता आणि लोखंड कापायच्या लहान करवतीनं एक कडा कापत होता. चेहरा अगदी ऑपरेशन थिएटरमधला.

“काय करतोस?”

“पेशंटला बाहेर काढतोय. सेकंड ओपिनियन घ्यायचंय.”

दुसरी कंपनी शोधायची तसदी त्यानं घेतली नाही. तोच रुपया, त्याच कंपनीला, नव्या पाकिटातून नवं नाणं असल्यासारखा पाठवून दिला. मला वाटलं, आता तरी एकसष्ट आल्यावर शांत होईल. आले त्रेसष्ट.

आता फोन करायची पाळी उल्हासची होती. त्यानं हरीशला फोन केला आणि फार गंभीर आवाजात म्हणाला, “तुला कळवणं माझं कर्तव्य आहे.”

हरीशनं दुसऱ्याच दिवशी आपला स्लॅब फोडला आणि रुपया पुन्हा पाठवला. निकाल आला त्या दिवशी मी फोनजवळ होते. पलीकडून आधी कागद उलटल्याचा आवाज आला. मग हरीश म्हणाला, “वहिनी, अठ्ठावन्न.”

अठ्ठावन्न म्हणजे साठच्या खाली. म्हणजे झीज. म्हणजे उल्हास इतकी वर्षं म्हणत होता तेच.

मला वाटलं उल्हास उड्या मारेल. पहिली पाच मिनिटं त्यानं मारल्याही. किचनमध्ये फेऱ्या घालत म्हणाला, “बघ! बघ, मी सांगत होतो!” मग एकदम थांबला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“पण सुप्रभा, आधी बासष्ट होते ना? मग मधल्या काळात झिजला कुठे तो? पोस्टात?”

“तुझा मधल्या काळात सुधारला तसाच,” मी म्हटलं.

ते त्याला लागलं. त्यानं स्वतः हरीशच्या वतीनं कंपनीला फोन केला. पलीकडची बाई अतिशय गोड बोलली. ग्रेडिंग हे शेवटी एक मत असतं, म्हणाली. उल्हास म्हणाला, “मॅडम, मत तर आमच्याकडेही होतं. आम्ही तुमच्याकडे उत्तर मागितलं होतं.” तिनं तक्रारीचा फॉर्म पाठवते असं सांगितलं आणि फोन ठेवला.

अक्षयाला यात काहीच विशेष वाटलं नाही. ती उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासते. “एकच paper, दोन examiner, वेगळा marks. Every year होतो. मुलं रडतो, parents email करतो. नाणी तरी रडत नाही.”

शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा. कंपनी गेली खड्ड्यात. दोन्ही रुपये प्लॅस्टिकमधून कायमचे बाहेर काढायचे, शेजारी शेजारी ठेवायचे, आणि आपल्या डोळ्यांनी, आपल्या भिंगानं, सभ्य माणसांसारखा निकाल लावायचा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी हरीश आणि अक्षया जेवायला आले. जेवण होताच मी टेबलावर मऊ टॉवेल अंथरला. उल्हासनं रिटायर होताना थिएटरच्या लोकांनी गमतीनं भेट दिलेली प्लास्टर कापायची जुनी कातरी काढली. हरीश स्वतःचा हातोडा घेऊन आला होता, त्याला उल्हासच्या हत्यारांवर विश्वास नव्हता. टेबलाच्या एका बाजूला हा, समोर तो. पंधरा-वीस मिनिटं कटाकट, खटाखट, आणि मधूनमधून “हळू!” “तू हळू!” असं चाललं. प्लॅस्टिकचे तुकडे माझ्या केसांत उडाले. शेवटी दोन्ही रुपये बाहेर आले. उल्हासनं आपला टॉवेलवर डावीकडे ठेवला, हरीशनं आपला त्याच्या शेजारी.

“इथे उजेड नाही,” हरीश म्हणाला. खरंच नव्हता. नोव्हेंबरात आमच्याकडे दुपारी जेवण उरकेपर्यंत दिवसच उरकत आलेला असतो. म्हणून दोघांनी टॉवेल चार कोपऱ्यांना धरला आणि मेलेल्या राजाला न्यावं तशा गंभीरपणे हळूहळू कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत नेला. दारातून नेताना थोडा वळवला. काचेच्या छपराखालच्या टेबलावर ठेवल्यावर उन्हाची तिरीप नीट यावी म्हणून पुन्हा वळवला. मग दोघं वाकले, भिंग एकमेकांना देत-घेत बराच वेळ बघत राहिले.

“आता बोल,” हरीश म्हणाला. “ही सोंड बघ. कशी स्वच्छ आहे. याला तू झीज म्हणत होतास?”

“ही? अरे, ही माझी सोंड आहे. तुझी ती पलीकडची.”

“पलीकडचा तुझा. हा माझा.”

“माझा डावीकडे होता!”

“कुणाच्या डावीकडे?” हरीशनं विचारलं.

उल्हासनं टॉवेलकडे बघितलं, मग दाराकडे. डावा गुडघा की उजवा हे मार्करनं पेशंटच्या पायावर लिहिल्याशिवाय सुरीला हात न लावणारा माणूस हा. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला.

मग जी शोधाशोध झाली ती विचारू नका. उल्हासनं कॉम्प्युटरवर आपल्या रुपयाचे फोटो काढले. त्याच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं घेतलेले. सगळ्यांत एक पांढरा झगझगीत गोळा आणि कोपऱ्यात त्याचा अंगठा. मी काढून देते म्हटलं होतं तेव्हा ‘तू हाडांचे काढ’ म्हणाला होता. माझा किचनचा वजनकाटा आणला. दोन्ही रुपयांचं वजन सारखंच. हरीश म्हणाला माझ्याच्या कडेला एक बारीक ठिपका आहे. भिंगातून बघितलं तर दोघांच्याही कडेला ठिपके होते. इतकी वर्षं ज्या दोन नाण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे म्हणून हे दोघं माझं डोकं खात होते, त्यांतलं आपलं कुठलं हे दोघांपैकी एकालाही सांगता येईना.

मला हसू आवरेना. अक्षया तर कुशन तोंडावर धरून हसत होती.

“परत कंपनीला पाठवू या?” ती म्हणाली.

“नाही!” दोघंही एकदम ओरडले.

मग हरीश खुर्चीत बसला. चष्मा काढून त्यानं डोळे पुसले. आधी मला वाटलं तोही हसतोय.

“रेखानं दिलेला कुठला मग?” तो म्हणाला.

अक्षयानं कुशन खाली ठेवलं.

उल्हासला अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं असलं की तो ज्युनियरला पाठवायचा. तो भिंग घेऊन पुन्हा वाकला, उगाच दोन्ही रुपये बघितल्यासारखं केलं आणि ज्याची सोंड त्यातल्या त्यात स्वच्छ वाटली तो हरीशपुढे सरकवला.

“हा तुझा. मला आता स्पष्ट दिसतंय. घे.”

“नाही,” हरीश म्हणाला. “हा तुझा असणार. माझ्यावर झीज आहे.”

“कसली झीज? ठसा कमजोर आहे. तूच म्हणायचास.”

“म्हणायचो. पण झीजच आहे ती.”

“अरे, मी सर्जन आहे, मला झीज कळते. ती झीज नाही!”

“उल्हास, मला माहितीये ना!” हरीशचा आवाज चढला. “मीच झिजवलाय तो. रेखा हॉस्पिटलमध्ये होती ना शेवटी, तेव्हा मी तो खिशात घेऊन बसायचो. कॉरिडॉरमध्ये बसून काय करणार माणूस? अंगठ्यानं घासत राहायचो. राजाच्या छातीवरनं. रोज. ती झोपलेली असली की दिवसभर. तुला कसं सांगणार? तू म्हणायचास नाण्याला बोट लावणाऱ्याला तुरुंगात टाकलं पाहिजे.”

उल्हास असं खरंच म्हणायचा. नाणी कडेला, दोन बोटांत धरायची, मध्यभागी स्पर्श झाला की त्वचेचं तेल लागून खराब होतं. माझ्याकडून एकदा हात लागला होता तेव्हा दोन दिवस बोलला नव्हता.

तो उठला आणि दोन्ही रुपये उचलून हरीशच्या तळहातावर ठेवले. सरळ तळहातावर.

“मग घास,” तो म्हणाला. “अंगठ्याला आठवत असेल.”

हरीशनं त्याच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि एका रुपयावर अंगठा फिरवायला लागला. राजाच्या छातीवरनं, वरून खाली. थोड्या वेळानं दुसऱ्यावर. उल्हास त्याच्या शेजारी उभा होता, आणि दर वेळी अंगठा फिरला की तो छताकडे बघत होता.

“हा,” हरीश म्हणाला.

“नक्की?”

“नाही. पण हा.”

त्यानं डोळे उघडले. निवडलेला रुपया त्यानं भिंगाखाली धरला नाही. दुसरा उल्हासला परत दिला. उल्हासनंही तो बघितला नाही, शर्टाच्या खिशात टाकला. सुट्टे पैसे टाकावेत तसा.

“Can I?” अक्षयानं विचारलं. “बाबा, मी हातात घेऊ? आईचा आहे ना?”

हरीशनं तो तिच्या हातावर ठेवला. ती काही वेळ तो उलटसुलट करून बघत बसली. मी चहा टाकायला आत गेले, कारण कुणीतरी आत जायला हवं होतं. परत आले तेव्हा तिघंही जमिनीवर बसून प्लॅस्टिकचे तुकडे वेचत होते आणि उल्हास हरीशला सांगत होता की तुझा हातोडा लाकडाचा असता तर इतके तुकडे उडालेच नसते.

पुढच्या रविवारी अक्षया शाळेची ट्रिप घेऊन वेल्सला जाणार होती. हरीश एकटाच असेल, म्हणून उल्हास म्हणाला, आपणच जाऊन येऊ. गेलो. हरीशनं पिठलं केलं होतं, त्यात मीठ इतकं होतं की मी तीनदा भात घेतला. नाण्यांचा विषय कुणी काढला नाही. जेवण झाल्यावर उल्हासनं सहज विचारलं, परत जाताना मोटरवेनं जावं की ए-अडतीसनं. हरीश म्हणाला, ए-अडतीस. उल्हास म्हणाला, शक्यच नाही. हरीशनं कपाटातून रस्त्यांचा जाडजूड नकाशा काढला, टेबलावरची भांडी बाजूला सारली, आणि दोघं त्यावर वाकले. मी निघायचं म्हणून घातलेला कोट काढून परत खुंटीला अडकवला आणि सोफ्यावर आडवी झाले.